विमानतळावरचं गाऱ्हाणं

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
मंगळवार, १७ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप मामांच्या पायांशी दशरथचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही, मामी आणि गोठ्यातली मंडळी सुखरूप असाल अशी आशा आहे. मामींच्या गुडघ्याला मी पाठवलेलं तेल लागू पडलं का? (मालाडला फुटपाथवर घेतलं होतं. बाटलीवर वाघाचं चित्र आहे म्हणून मामींनी घाबरू नये, आत वाघाचं काही नाही.) इकडे मी बरा आहे. ताई, म्हणजे आपली सुलक्षणा, तब्येतीने बरी आहे. काशीराम भावोजीही तब्येतीने बरे आहेत. "तब्येतीने" हा शब्द दोनदा का लिहिला ते पुढे येईलच.

तुमचं पत्र पोचलं. आपल्या सड्याच्या कातळमाळावर दुर्बीण लावून मोजणी करणारे साहेब आले होते, तिथे विमान उतरवायचा विचार आहे, विमान आलं की पर्यटक येतील आणि गाव भरभराटीला येईल, असं ते बोलून गेले. पंचायतीत तुम्हाला यावर बोलायचं आहे आणि तू विमानतळावर काम करतोस, तेव्हा विमानाने देशाचं काय भलं होतं ते खरं खरं कळव, असं तुम्ही लिहिलंत. मामा, नववीत शाळा सोडलेल्या माणसाला देशाबद्दल कोणी विचारावं ही पहिलीच वेळ. म्हणून वाण्याकडून फुलस्केप आणले आहेत आणि रेघा मारून बसलो आहे.

आधी एक दुरुस्ती. मी विमानतळावर नाही, विमानतळाच्या दारात काम करतो. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लोणच्याच्या बरण्यांना झाकणं लावायचं काम सोडलं (वासाने जेवण जाईना), मग मालाडच्या बॅगांच्या दुकानात होतो (तिथे गल्फला जाणारे लोक बॅगेत स्वतः बसून तिची मजबुती बघायचे, एकदा चेन बाहेरून लावली गेली आणि मालकाने मला काढलं), आणि आता अंबादास शेठच्या टुरिस्ट बसवर आहे. सहारला विमान उतरलं की आम्ही परदेशी पाहुण्यांना हॉटेलात पोचवतो. काचा पुसणं, सामान चढवणं आणि दारात उभं राहून चढणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार घालणं, ही माझी कामं. हार घालताना हसायचं असतं. पहिले काही दिवस माझे गाल दुखायचे.

आता देशाचं भलं. अंबादास शेठचं म्हणणं असं, की एक विमान उतरलं की आमच्या डिझेलवाल्यापासून हॉटेलच्या धोब्यापर्यंत सगळ्यांची चूल पेटते, हे सरकारला कळतं, मला कळत नाही, म्हणून मी काचा पुसाव्यात. पण काचा पुसतानाच मला ते कळलं. पाहुणा येतो तो परकीय चलन घेऊन येतो, पेपरात तसं छापून येतं. तो कान्हेरीची लेणी बघतो, नारळपाणी पितो, रस्त्याकडेच्या नळावरच्या रांगेचे फोटो काढतो. (एका गोऱ्या आजीबाईंनी हंड्यांच्या भांडणाचे इतके फोटो काढले की मला राग आला. मग आठवलं, आपणही जत्रेत सर्कशीच्या तंबूमागे जाऊन त्यांचा स्वयंपाक बघत उभे राहायचो.) तर हे झालं येणारं विमान. पण मामा, तेच विमान पेट्रोल भरून परत जातं, आणि त्यात आपली माणसं बसलेली असतात. फिटर, गवंडी, सुतार, कुक. तेही परकीय चलनच पाठवतात. विमानतळाबाहेर जी बाई हार विकते तिच्या टोपलीतला एक हार मी पाहुण्याला घालतो आणि दुसरा कोणाची तरी आई आपल्या मुलाला घालते. बाईला दोघंही सारखेच. देशालाही सारखेच असावेत. म्हणजे देश दोन्हीकडून वर येतो, असं पंचायतीत खुशाल सांगा.

इथपर्यंत मी अभ्यास करून लिहिलं. पुढचं मात्र आपल्याच घरचं आहे.

तुम्हाला माहीतच आहे, संपात गिरणी गेल्यापासून भावोजींनी काय काय केलं. नाहूरला वॉचमन होते, मग पाइपांची सुटी कामं. दिवाळीनंतर त्यांना गल्फच्या एका कंपनीचा व्हिसा मिळाला, पाइप फिटर म्हणून, दोन वर्षांचा करार. तिकडे नवीन विमानतळ बांधतायत. (आपल्या सड्याला फिटर लागेल तेव्हा हा माणूस तयार होऊन परत आलेला असेल, हेही पंचायतीत सांगता येईल.) जायच्या दिवशी अंबादास शेठनी रिकामी बस दिली. आमचा अख्खा सेक्टर टुरिस्ट बसच्या पडद्यांआड बसून, ड्रायव्हरला थंडगार हवा सोडायला लावून सहारला गेला. ताईने दही दिलं, ओवाळलं, आणि दारापाशी पोचल्यावर सगळ्यांना आठवलं, की देवाला गाऱ्हाणं कोणी घालायचं?

आता मामा, गावी तुम्ही रवळनाथापुढे उभे राहता आणि तुमच्या तोंडून ते आपोआप येतं. इथे सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी तुमचा भाचा. मी नारळ हातात घेतला. "बा देवा रवळनाथा म्हाराजा!" एवढं म्हटलं आणि काय सांगू, आवाज तुमचाच आला. "व्हय म्हाराजा!" आमच्या सेक्टरने उत्तर दिलं. तेवढ्यात घाटकोपर, मुलुंडहून आपापली माणसं पोचवायला आलेले आपल्याकडचे लोकही येऊन उभे राहिले. दुसऱ्या वेळचा "व्हय म्हाराजा" असा उठला की काचेपलीकडचे दोन साहेब दचकून बाहेर आले. एक हवालदार काठी आपटत आला, "काय चल्लाहा हय? वाट मोकळी करा!" आणि पुढच्या ओळीला त्यानेच टोपी काढून काखेत धरली आणि "व्हय म्हाराजा" म्हटलं. गाऱ्हाणं अर्ध्यावर कोण तोडणार? मग मला चेव आला. मी विमानाच्या टायरांसाठी मागणं केलं, पायलटच्या डोळ्यांसाठी केलं, घारी आड येऊ नयेत म्हणून केलं, कस्टमच्या साहेबाच्या मनात दया यावी म्हणून केलं, तिकडच्या जेवणात माशाचा तुकडा असावा म्हणूनही केलं. शेवटी "जसो जाता हा तसोच सुखरूप परत घेवन ये म्हाराजा, तुझो मान तुका पोचतो करतलंव," असं म्हणून नारळ फोडला. (पाणी हवालदाराच्या बुटावर गेलं, त्याने ते तीर्थ समजून सोडून दिलं.) भावोजी आत गेले. मंडळी बेस्टने घरी गेली. मी बसवर थांबलो.

दुपार कलली असेल. निरोप आला, एक विमान उडून परत आलंय, इंजिनात काही बिघाड आहे, प्रवाशांना हॉटेलात न्यायचंय, बस दाराला लावा. शेठचा नियम असा की आपल्या बसमध्ये जो चढेल त्याला हार. मी टोपली घेऊन दारात उभा राहिलो आणि सवयीने हसत पहिला हार पुढे केला. समोर भावोजी. गळ्यात आधीचाच हार.

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "दशरथा, तू गाऱ्हाण्यात नेमका काय म्हणालंस?"

मी हार मागे घेतला.

"जसो जाता तसोच परत घेवन ये, म्हणालंस. इलंय बघ."

मामा, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाऱ्हाण्यात कुठे, कशासाठी आणि किती मुदतीसाठी, हे सगळं सांगावं लागतं. मी देवाला घारींपर्यंत सगळं सांगितलं आणि मुदत घातलीच नाही. पूर्वी तुम्ही बोटीने मुंबईला यायचात तेव्हा धक्क्यावर आजोबा गाऱ्हाणं घालायचे, त्यात मुदत नसली तरी निभावायचं, कारण बोट काही अर्ध्या समुद्रातून माघारी येत नसे. विमानाचं तसं नाही. ही नवी गोष्ट आहे, आणि पंचायतीत याचा विचार आधीच झालेला बरा.

हॉटेलात भावोजींना अशी खोली मिळाली की ते पलंगाच्या कडेवर, बस थांब्यावर बसावं तसे बसले. गालिच्यावर चप्पल घालून चालायचं की काढून, यावर आमचा बराच वेळ गेला. जेवण आलं तर ते म्हणाले, "रेडिओवर सांगतले आणि ती घाबरात. आधी घराक जाऊया." आम्ही रिक्षाने चारकोपला आलो. ताई तांदूळ निवडत होती. ती ओरडली नाही, रडली नाही. उठली, भाकरतुकडा ओवाळून टाकला, नवऱ्याच्या पायांवर पाणी घातलं, आत घेतलं, आणि मग म्हणाली, "देवान माणूस दारात आणून सोडलो. आता मी तेका परत भायर काढू?"

"अगो, इंजिनात बिघाड झालो," भावोजी म्हणाले. "देवाचो काय संबंध?"

"आणि तो बिघाड केल्यान कोणी?"

यावर विमान कंपनीकडेही उत्तर नसणार. दुसऱ्या दिवशी विमान दुरुस्त होऊन गेलं. भावोजींची जागा रिकामी गेली. ऑफिसात मी जाऊन आलो. पुढच्या विमानात जागा देतो म्हणतात, पण व्हिसाची मुदत शिवरात्रीपर्यंतच आहे, त्यानंतर ती नोकरी दुसऱ्याची. ताई ऐकत नाही. भावोजी भांडत नाहीत, हेच वाईट. बॅग दाराशी उभी आहे, तिची दोरीसुद्धा सोडलेली नाही. रोज सकाळी ते इस्त्रीची पँट घालतात, चहा घेतात आणि बॅगेशेजारी बसतात. वरून विमान गेलं की मान वर. ते दिसेनासं झालं की मान खाली. मी एकदा गंमत करायला गेलो, की भावोजी, तुम्ही आमच्या बसचे कायमचे पाहुणे झालात. ते हसले, पण मला बरं वाटलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. विमानाने देशाचं भलं होतं का? होतं, मामा. हे मी मस्करीत लिहीत नाही. ज्या गावात गिरणीने माणसाला घरी बसवलं त्या गावात दुसरं काही त्याला उभं करत असेल तर ते हेच. साहेब परत आले तर त्यांना सांगा, सड्यावर विमान खुशाल आणा, पण पोचवायला येणाऱ्यांना काचेबाहेर ठेवू नका, आत विमानाच्या पायरीपर्यंत जागा ठेवा. पर्यटकांची सोय ते करतीलच, ती कोणी विसरत नाही.

मामींना नमस्कार. तेल संपल्यास कळवावे.

देवाला सगळं सांगून मुदत तेवढी विसरलेला,
तुमचा भाचा
दशरथ

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. ताई जगात एक तुमचाच शब्द मानते. कृपा करून हे पत्र पोचताच तार करावी, की देवाला कौल लावला आणि देव "जाऊ दे" म्हणाला. कौल खरोखरच लावावा, खोटं लिहा असं मी म्हणत नाही. पाकळी उजवी, म्हणजे होकाराची, पडली तर ताबडतोब तार करावी. डावी पडली तर देवाला आमची परिस्थिती नीट समजावून पुन्हा लावावा. तरीही डावीच पडली तर तार करू नये, पोस्टाचा संप आहे असं मी इथे सांगेन.

ता. क. दुसरा, बुधवार. काल रात्री पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ताई आली आणि "वाचून दाखव" म्हणून समोर बसली. वाचून दाखवलं. सगळं झाल्यावर म्हणाली, "सगळा स्वतःवर कित्याक घेतलंस रे? मामांका खरा काय ता लिही."

खरं असं आहे मामा, की मी मुदत विसरलो नव्हतो. सहारला जाताना बसमध्ये ताई मागच्या सीटवरून वाकून माझ्या कानात म्हणाली होती, "दोन वर्सां म्हणू नको हां, दशरथा. देवाच्या कानार पडला की ता नक्की होता." म्हणून मी टायर आणि घारी आणि माशाचा तुकडा असं लांबवत राहिलो, की मुदतीची जागा भरून निघावी आणि कोणाच्या लक्षात येऊ नये.

आज सकाळी भावोजी जेवणाचा डबा घेऊन रस्त्यापर्यंत गेले आणि वळून परत आले. गिरणी बंद झाली तेव्हाही ते असेच रोज गेटपर्यंत जाऊन यायचे. ताईने ते दारातून पाहिलं. आता ती म्हणते, "ह्यो माणूस माका घरात होयो होतो रे. पण ह्यो घरात नायच हा." तिने स्वतः बॅगेची दोरी सोडली, आत कोकमं आणि सुके बांगडे घातले, आणि परत बांधली. मी ऑफिसात जाऊन जागा घेऊन आलो. शनिवारी दुपारचं विमान आहे.

तेव्हा तार नको. कौलही नको. पत्र वेळेवर पोचलं तर शनिवारी रवळनाथापुढे तेवढं गाऱ्हाणं तुम्ही घाला. उशिरा पोचलं तरी घाला. दोन वर्षं हे शब्द त्यात स्पष्ट येऊ द्या, ते आता कोणीतरी देवाला सांगायला हवेत. इथे ताईसमोर मी ते म्हणणार नाही, तिने तशी शपथच घातली आहे. ती दारात उभी असेल, मी नारळ धरून गप्प उभा असेन, आणि तिकडे तुम्ही बोलताय असं धरून आम्ही इकडे "व्हय म्हाराजा" म्हणू.