निळ्या दोऱ्याची पोती

प्रिय धाकट्या,

तुझ्या बायकोचे दोन फोन येऊन गेले. शनिवारी एवढ्या हौसेनं कारखाना बघायला बोलावलं आणि ताई बशीत वाढलेलं तसंच टाकून, धड निरोपही न घेता निघून गेल्या, आमचं काही चुकलं का, असं बिचारी विचारत होती. पित्त उसळलं होतं, असं मी तिला सांगितलं. अगदीच खोटं नाही ते. तुझ्या गेटबाहेर आल्यावर भिंतीचा आधार घेऊन मी भडाभडा ओकले, तुझ्या पहारेकऱ्यानं पाण्याची बाटली आणून दिली. त्याला माझ्यातर्फे थँक्यू सांग. बाकीचं फोनवर बोलण्यात अर्थ नव्हता, कारण बोलण्यात तुझा हात कुणी धरू शकत नाही आणि मला गुंडाळायला तर तुला दोन मिनिटं पुरतात. म्हणून लिहितेय. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

कारखाना देखणा आहे, ते कबूल करते. पांढऱ्या फरश्या, काचेसारखी भांडी, दारात हात धुवायची सोय. भिंतीवर ‘आधी स्वच्छता’ असं हातभर अक्षरात लिहिलंयस. आत जाताना तू स्वतःच्या हातानं माझ्या केसांवर ती कागदी टोपी चढवलीस आणि हसलास. टोपी तर तू मला महिनाभरापूर्वीच घातली होतीस, पण ते तेव्हा मला कुठे माहीत होतं? पीनट बटरचे डबे ओळीनं पुढे सरकत होते. शाळेतल्या पोरांच्या मधल्या सुट्टीचं कंत्राट मिळाल्याचं तू सांगत होतास, आणि माझी छाती खरंच फुगली होती. मग तुला फोन आला, तू बाहेर गेलास, आणि कौतुकाच्या भरात तुझ्या मुकादमानं मला मागचं गोदाम उघडून दाखवलं.

त्यानं दार ढकललं आणि आधी वास आला. वीस वर्षं हा वास मी ओळखते. ओल्या फडक्यासारखा, जरासा खवट, घशाच्या मागे चिकटून बसणारा. मुकादम म्हणाला, “भाजलं की काही वास राहत नाही, ताई.” आणि मग मला पोती दिसली. थप्पीतल्या एका पोत्याच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याची शिवण होती. तीन फुल्या आणि वर उलटी गाठ. पुढच्या थप्पीत आणखी एक, पलीकडे आणखी दोन.

तुला माझं काम कधी नीट माहीत नव्हतं, म्हणून सांगते. परदेशातून आलेला शेंगदाणा बंदराच्या धक्क्यावर उतरला की मी त्यातली पोती निवडून कोपरा उसवते, मूठमूठ दाणा पिशवीत भरते आणि पिशवी तपासणीला पाठवते. उसवलेल्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावायची, एवढंच नियमात आहे. पण पट्टी दमट हवेत तासाभरात सुटते आणि दाणा सांडतो, ते मला बघवत नाही. म्हणून मी दाभण घेऊन शिवते. पिशव्या बांधायचा निळा दोरा हाताशी असतोच. आईनं आपल्या दोघांच्या दप्तरांना घातली होती तशीच ती शिवण. हमाल माझी टर उडवतात, “बाई पोत्याला काजं-बटणं करायला बसल्या.” अख्ख्या धक्क्यावर दुसरं कुणीही असं शिवत नाही. तेव्हा ती पोती कुठली, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

ती मीच नापास केलेली होती. हाताला लागताच समजलं होतं. दाणे सुरकुतलेले, त्यांवर हिरवट पीठ, फोडला की आत काळा. तपासणीत बुरशीचं विष मर्यादेच्या चौपट निघालं. आमच्या प्रयोगशाळेतली बाई सहसा आकडा लिहून गप्प बसते, पण त्या दिवशी ती उठून माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, “हे कुणाच्या पोटात जाता कामा नये. हे भाजून जात नाही, उकळून जात नाही. पोटात गेलं की यकृत पोखरत राहतं, आणि माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.” पोरांच्या बाबतीत तर आणखी वाईट, कारण अंगच केवढंसं असतं. आणि तू ते दळून, मीठ-साखर घालून, डब्यावर हसऱ्या खारीचं चित्र लावून पोरांना देतोयस. गोदामातून परत आले तेव्हा तुझी लेक डब्यात बोट घालून चाटत होती. तू तिच्याकडे बघून हसत होतास. तेवढ्यानं मला ओकारी आली, धाकट्या. वासानं नाही.

तुला काय म्हणायचंय ते मला तोंडपाठ आहे. सगळेच करतात, थोडा चांगल्या मालात मिसळला की काही होत नाही, तुझे नियम म्हणजे कागदी घोडे. साफसफाईचं एवढं नाटक आणि आत हे. मला तुझ्या त्या पांढऱ्या फरशीचीसुद्धा किळस येते आता. आंघोळ करताना दोनदा साबण लावला तरी तो वास नाकातून जात नाही.

पण गेले चार दिवस मी आरशातही बघत नाहीये, ते तुझ्यामुळे नाही. नापास माल नष्ट करायचा असतो किंवा परत पाठवायचा असतो. तिसरी वाट एकच. पुन्हा तपासून तो गुरांच्या खाद्याला देता येतो, आणि त्याआधी प्रत्येक पोत्यात लाल रंग ओतायचा, म्हणजे तो माणसाच्या ताटात येऊच शकत नाही. रंग ओतताना अधिकाऱ्यानं, म्हणजे मी, समोर उभं राहायचं आणि तसं लिहून सही करायची. महिनाभरापूर्वी, हा माल नापास झाल्यावर, तू दुपारी धक्क्यावर आलास. मित्राची पेंडीची गिरणी आहे म्हणालास, गुरांनाच जाणार आहे, हमाल जेवून आले की रंग ओततील, तू कशाला उन्हात ताटकळतेस, ताई. माझे गुडघे दुखत होते. तू माझा भाऊ होतास. मी ना दुसरी तपासणी मागितली, ना थांबले. ‘रंग माझ्यासमक्ष ओतला’ असं लिहिलं, सही केली आणि तुझ्याच गाडीतून घरी आले. तुझ्या गोदामातल्या त्या पोत्यांवर लाल रंगाचा डागही नव्हता. गुरांना विष गेलं तर दुधातून ते पुन्हा पोरांपर्यंतच येतं, एवढाही विचार मी केला नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकले असते.

काल मी साहेबांपुढे सगळं लिहून दिलं. तक्रारीत पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. मला कामावरून दूर केलंय, पुढे चौकशी होईल, जे व्हायचं ते होईल. हे पत्र तुला देणारा माणूस आमच्या कचेरीतला आहे, आणि गोदामाला सील लागल्यावरच ते तुझ्या हातात द्यायचं, असं मी त्याला बजावलंय. आधी कळलं असतं तर तू पोती हलवली असतीस. सख्ख्या भावाबद्दल मला हे खात्रीनं वाटलं. पण जी पोती दळून झाली त्यांना सील लावता येत नाही. किती डबे बाहेर गेले आणि कुठकुठल्या शाळांत गेले, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत तुला वकील भेटेल आणि तो तुला तोंड उघडू देणार नाही. म्हणून आत्ता, त्या माणसासमोर उभा आहेस तोवरच, त्याला शाळांची नावं सांग. उद्याच्या मधल्या सुट्टीच्या आत त्याला सगळीकडे पोहोचायचंय.

अजूनही तुझीच,
ताई