खंडेनवमीचं कुंकू

२८ ऑगस्ट १९९७, करामा, दुबई

एकदाचे पोचलो. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफच धरली. विभावरी म्हणाली, इडलीपात्रात शिरल्यासारखं वाटतंय. फ्लॅट लहान आहे, पण खाली उडप्याचं हॉटेल आणि कोपऱ्यावर ताजा कढीपत्ता, त्यामुळे बाईसाहेब खूश. आठ वर्षांच्या मिहिकाला लिफ्टचं कौतुक. चार वेळा वरखाली करून आली.

पुण्याच्या संग्रहालयात इतकी वर्षं तलवारींचा गंज पुसला, कुत्रं विचारत नव्हतं. इथल्या एका शेखसाहेबांनी मध्य आफ्रिकेतले विधींचे सुरे गोळा केलेत आणि ते ओळखायला मला बोलावलंय, तेही फॅमिलीसकट. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

६ सप्टेंबर, रास अल खोर

वेअरहाऊस गॅरेजांच्या रांगेत आहे. बाहेर टायर आणि धूळ, आत गारेगार एसी. कलेक्शन साजिदा सांभाळतात. मूळच्या हैदराबादच्या, मला प्रल्हादभाई म्हणतात आणि दर वाक्यामागे यल्ला, म्हणजे अरबीतलं 'चला', लावतात.

भिंतभर सुरे. काही पानासारखे, काहींना फांद्या फुटलेल्या. नकली माल तर वासावरूनच कळतो, कारण पत्र्याला बूट पॉलिश फासून जुना केलेला असतो. असे बरेच बाजूला काढले, खलास. साजिदा बघत राहिल्या, मीही जरा मिरवून घेतलं. मिरवायच्या सुऱ्याला बहुधा धार नसते, हेही त्यांना ऐकवलं.

सगळ्यांत देखणा आहे तो विळ्यासारखा. त्याच्या बाकात माणसाची मान बरोबर बसेल, असं साजिदा हसत म्हणाल्या. मी पात्यावरून अंगठा फिरवला. बोथट. मुठीच्या खाचांत लाल पूड अडकली आहे. तिकडे एका झाडाच्या लाकडाची भुकटी करून लावतात, आपल्या कुंकवासारखीच. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

शुक्रवारची सुट्टी आणि खंडेनवमी, दुधात साखर. ज्या हत्यारांवर पोट चालतं त्यांची आज पूजा नको? साजिदांकडून किल्ली मागून घेतली आणि तिघं गेलो. विभावरीने बर दुबईच्या देवळाजवळून झेंडू आणला होता. कुंकू आपणच लावणार म्हणून मिहिका हटून बसली. विळा उंच टांगलाय, म्हणून मी तिला उचलून धरलं. तिने जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून टिळा लावला.

घरी येऊन श्रीखंड-पुरी. परदेशातली पहिली खंडेनवमी छान झाली.

१४ ऑक्टोबर

बाकीच्या पात्यांवरचं कुंकू वाळून झडलं होतं. विळ्यावरचं ओलं होतं. फडक्याने पुसायला गेलो तर फडकं चिरलं, खाली अंगठाही. गेल्या महिन्यात याच अंगठ्याने मी ते बोथट ठरवलं होतं. कुणी धार लावली का, साजिदांना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्याशिवाय हात कोण लावतंय.

ओळखण्यात माझी चूक झाली असेल. होते कधीकधी.

१९ ऑक्टोबर

मिहिकाच्या मानेवर लाल रेघ उमटली आहे, केसाएवढी बारीक. डॉक्टरांनी युनिफॉर्मची कॉलर घासते म्हणून क्रीम दिलं. विभावरी म्हणते, घामोळं. मिहिका इंग्रजीतून सांगते की दुखत नाही, फक्त गार लागतं.

विळ्यावर पुन्हा टिळा होता. पुसला.

२५ ऑक्टोबर

रोज पुसतो, रोज येतो. ओला, आणि त्यात लहान बोटाचा ठसा. विळा पेटीत घालून कुलूप लावलं. आज सकाळी परत भिंतीवर —

रेघ आता पुढून दोन्ही कानांखाली पोचली आहे. तिची वेणी घालताना विभावरीचे हात थांबले. माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पेपर वाचत बसलो. काय सांगू तिला? मला भीती वाटते आहे.

३१ ऑक्टोबर

इलुंगा नावाचे गृहस्थ आले होते. काँगोचे, शारजात जुन्या वस्तूंचा व्यापार करतात. मी सुरे बरोबर ओळखलेत का ते तपासायला मालकांनी बोलावलं होतं. विळ्यावरचा टिळा पाहून दारातच थांबले. विचारलं, हे लाल कुणी लावलं. मी सांगितलं, मुलीने, आमच्याकडे पूजा असते.

मग म्हणाले, त्यांच्या आजीच्या गावी मुखिया गेला की सोबतीला एक माणूस जायचा. ज्या घराने माणूस द्यायचा, त्या घरातला सगळ्यांत लहान हात पात्याला लाल लावायचा. दिला, असा त्याचा अर्थ. मग त्याच हाताने ज्याच्या कपाळाला लाल लावलं, तो जायचा. कुणालाच लावलं नाही, तर ते मूलच. पुसून उपयोग नाही. आणि मुलाला सांगून, भाग पाडूनही चालत नाही. त्याने आपण होऊन लावायचं.

मी विचारलं, किती वेळ आहे. ते म्हणाले, रेघेची टोकं मागे भेटेपर्यंत.

घरी आल्याआल्या तिची वेणी उचलून पाहिली. टोकांमध्ये बोटभर जागा —

१ नोव्हेंबर, पाडवा, सकाळ

बोटभरही नाही आता.

पळून जावं वाटलं. खरंच वाटलं, लिहून ठेवतो.

पाडव्याला ती मला दरवर्षी ओवाळते. यंदा ओवाळ म्हणून मी म्हटलं नाही. विभावरीलाही काही बोललो नाही. नुसता पाट मांडून बसलो आहे —

किचनमध्ये करंडा उघडल्याचा आवाज. निरांजन मीच लावणार म्हणते आहे. आपण होऊन.

विभावरी, तिला कधी सांगू नकोस. कुंकू तिने लावलं होतं, पण उचलून मी —

आली. नवा परकर. ताट तिरकं होतंय, सांभाळते आहे. हात पोचत नाही तिचा, हसून सांगते, बाबा, खाली —

मान वाकवतो आहे. मागे काहीतरी गार —

बोट कपाळाला टेक