किटलीच्या बुडावरचे नाव

मी, उत्तरा देवदत्त पळसुले, वय सहासष्ट, राहणार रायस्वाइक, नेदरलँड्स, व्यवसाय मातीकाम आणि त्याची शिकवणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून वा दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे दीर विवेक पळसुले पुण्यात वकील आहेत. त्यांनी पाठवलेल्या मसुद्यात 'माझे मन स्थिर असून' असे शब्द होते. ते मी खोडले आहेत. मन स्थिर नाही. सकाळी उठल्यावर मी आधी श्वास धरून बघते, मग थर्मामीटर लावते, मग कॉफीच्या डब्यात नाक घालून वास येतो का पाहते. पण मन शाबूत आहे. काय लिहिते आहे, कोणासाठी लिहिते आहे, हे मला नीट कळते. कायद्याला एवढे पुरे व्हावे.

१. रायस्वाइकचे राहते घर आणि इथल्या बँकेतली शिल्लक यांची व्यवस्था माझे यजमान देवदत्त हयात असतानाच नोटारिसकडे, म्हणजे इथल्या नोटरीकडे, डच भाषेत झाली आहे. ती तशीच राहील. घरातल्या वस्तू कोणाला द्यायच्या ते स्वतःच्या अक्षरात लिहून तारीख घातली आणि सही केली, की इथे चालते. पुण्याच्या फ्लॅटसाठी दोन साक्षीदार लागतात. दोन्ही कामे या एकाच कागदात उरकत आहे. दुसरा कागद लिहिण्याइतका धीर राहील की नाही, सांगता येत नाही.

२. पुण्यातील सहकारनगरचा फ्लॅट माझी एकुलती एक मुलगी मृण्मयी हिला मिळावा. ती टिलबर्गला एका इस्पितळात डॉक्टर आहे. या कलमापुढे विवेकभाऊजींच्या मसुद्यात आणखी एक वाक्य होते. ते मी इथे लिहिलेले नाही. त्याबद्दल पुढे.

३. शेडमधले चाक आणि भट्टी वस्तीतल्या केंद्रात, जिथे मी तीस वर्षे वर्ग घेतला, तिथे द्यावी. भट्टीचे दार डाव्या बाजूने किंचित उचलल्याशिवाय लागत नाही, हे घेऊन जाणाऱ्याला सांगावे. नाहीतर ते जोर लावतील आणि बिजागरी मोडतील.

४. देवदत्तचे कोट मी अजून दिलेले नाहीत. ते द्यावेत. मला जमले नाही.

५. आता किटली.

बैठकीच्या खोलीत कपाटात, निळ्या फडक्यात गुंडाळलेली, तळहातावर मावेल एवढी जांभळट मातीची चिनी किटली आहे. ती मला मेव्राउ लिन यांनी दिली; मेव्राउ म्हणजे इथले 'श्रीमती'. या बाई समोरच्या इमारतीत राहत. नवऱ्याबरोबर त्यांनी हेगमध्ये वर्षानुवर्षे हॉटेल चालवले, मूलबाळ नव्हते. नवरा गेल्यावर त्या माझ्या वर्गाला येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना चाकावर बसवायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतले.

"चाक कशाला?" त्या त्यांच्या मोडक्या डचमध्ये म्हणाल्या. माझेही तेव्हा मोडकेच होते. "माझी आई चाकाशिवाय करायची."

मग त्यांनी लाकडी थापीने मातीचा गोळा बडवून पातळ पोळी केली, तिची पट्टी कापली, वळवली, सांधली. भांडे धड झाले नाही. पण थापी कशी पडते ते त्यांच्या हाताला माहीत होते. त्यानंतर त्यांनी मला घरी नेऊन ही किटली दाखवली. मी सवयीने आत बोट घालून चाकाच्या रेघा शोधल्या. रेघा नव्हत्याच. कानाच्या मागे एक बारीक सांधा लागला.

बुडावर चौकोनी शिक्का आहे. त्यात चीनमधल्या यिशिंग गावच्या, सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या एका नामांकित कारागिराचे नाव आहे. ते नाव खोटे आहे, हे मी या कागदात स्पष्ट नोंदवते. किटली शांघायमध्ये, साधारण एकोणीसशे तीसच्या आगेमागे, मेव्राउ लिन यांच्या आईने केली.

त्या काळात यिशिंगचे कारखाने भरात होते. बुडाला दुकानाचा शिक्का, झाकणाच्या आत किंवा कानाखाली कारागिराचा छोटा शिक्का, अशी पद्धत होती. पण शांघायच्या काही व्यापाऱ्यांनी चांगले हात गावाहून आणून घरामागच्या खोल्यांत बसवले होते. त्यांच्याकडून जुन्या किटल्यांच्या हुबेहूब नकला करून घ्यायच्या आणि जुन्या उस्तादांची नावे उठवायची. मेव्राउ लिन लहानपणी त्या खोलीत आईच्या पायाशी खेळायच्या. "मालकाकडे नावांची पेटी होती," त्या सांगायच्या. "गिऱ्हाईक बघून नाव बाहेर निघायचं." आईचा स्वतःचा शिक्का कधी झालाच नाही. शांघाय सोडताना तिने आपल्यासाठी एक किटली मागून घेतली, तिच्यावरही पेटीतलेच नाव होते.

गेल्या शरद ऋतूत मेव्राउ लिन वृद्धाश्रमात गेल्या. निघताना त्यांनी किटली माझ्या हातात दिली. "वापर," म्हणाल्या. मी एकदाच वापरली, मग धुऊन फडक्यात गुंडाळून ठेवली.

६. हरीश दातीर हे देवदत्तचे मित्र. या मृत्युपत्राला ते साक्षीदार राहणार आहेत. तरीही हे लिहिणे भाग आहे. फेब्रुवारीत माझ्याकडे चहाला आले असता त्यांनी किटलीचे फोटो काढले आणि मला न विचारता जुन्या वस्तूंच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकले. बुडाच्या शिक्क्यासकट. आठवड्याभरात अँटवर्पच्या एका दलालाचा निरोप आला. त्याने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही.

मी हरीशना फोन करून फोटो काढून टाका म्हटले.

"वहिनी, बुडावर नाव आहे ना? मग ते नाव खरं. तुम्ही कोण ठरवणार?"

"ती बाई अजून जिवंत आहे. तिच्या आईने केलीय."

"पुरावा काय?"

"तिने पाहिलंय."

"पाच वर्षांच्या पोरीने!" ते हसले. "अहो, जग त्या नावाचे पैसे देतंय. कोणाचं काय बिघडतंय?"

"त्या उस्तादाला आणखी एक किटली कशाला हवी, हरीश? त्याच्याकडे भरपूर आहेत. हिच्या आईकडे ही एकच आहे."

त्यांनी फोटो काढून टाकले, पण मला त्यांच्यावर भरवसा राहिला नाही. दलाल अजून लिहितो. मी गेल्यावर दुःखाच्या गडबडीत कोणीतरी त्याला उत्तर देईल, ही धास्ती माझ्या मनातून जात नाही. म्हणून ताकीद देते: ही किटली बुडावरच्या नावाने कोणीही, कधीही विकू नये. द्यायची, दाखवायची वा विकायची झाली, तर करणारीचे नाव सांगूनच.

७. ते नाव मला माहीत नव्हते. मेव्राउ लिन नेहमी 'आई' एवढेच म्हणत, आणि इतक्या वर्षांत मला विचारायचे सुचले नाही. मार्चमध्ये साथीमुळे वृद्धाश्रमाची दारे बंद झाली, तेव्हा मी घाबरले.

मी सायकलने जाऊ लागले. त्यांची खोली तळमजल्यावर होती. तिथे काम करणाऱ्या नंदा या सुरिनामी बाई त्यांची खुर्ची खिडकीशी आणून लावत. मी ट्युलिपच्या वाफ्यात उभी राहून हात हलवी. आधी त्या हसत. मग एक दिवस त्या मान एकीकडे टाकून बसलेल्या दिसल्या. नंदाबाईंनी खिडकी बोटभर उघडली. "खोकला आहे कालपासून," त्या म्हणाल्या. नंदाबाईंच्या तोंडावर मास्क नव्हता. मिळालाच नव्हता.

मी त्या फटीतून ओरडून विचारले, "मेव्राउ लिन, आईचं नाव काय? नाव!"

नंदाबाईंनी खिडकी लावून घेतली आणि त्यांच्या कानाशी वाकून प्रश्न परत सांगितला. मेव्राउ लिन यांनी पुढे झुकून काचेवर श्वास सोडला आणि त्या वाफेवर बोटाने लिहिले. श्वास पुरेना. अक्षर अर्धे झाले की वाफ उडे, मग त्या पुन्हा फुंकत. नंदाबाईंनी त्यांचा हात मनगटापाशी धरून ठेवला होता. मी आल्बर्ट हाइन या किराणा दुकानाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने एकेक रेघ उतरवली. मला चिनी वाचता येत नाही. मी फक्त पाहिले तसे काढले.

घरी येऊन मातीच्या छोट्या ठोकळ्यावर मी त्या रेघा कोरल्या आणि ठोकळा भाजला. ओल्या मातीवर ठसा उठवल्यावर चूक लक्षात आली. शिक्का उलटा कोरायचा असतो, हे कुंभारकाम शिकवणाऱ्या बाईला सांगावे लागू नये. मी तो सरळ, पिशवीवर होता तसाच कोरला होता. आता ठसा उलटा येणार आणि पुन्हा विचारायला वेळ राहिला नाही, असे वाटले. तरी ठशाचा फोटो नंदाबाईंना पाठवला. त्यांनी तो टॅबलेटवर मोठा करून मेव्राउ लिनसमोर धरला, आणि मला तसाच फोन लावला. मेव्राउ लिन यांनी तीनही अक्षरांवर बोट ठेवत वाचले. "शू युएचेन." मग डचमध्ये, "हो. आई."

मग माझ्या लक्षात आले. त्यांनी काचेच्या आतून लिहिले होते आणि मी बाहेरून पाहिले होते. माझ्यापर्यंत नाव उलटेच आले होते.

त्या पुढच्याच आठवड्यात गेल्या. नंदाबाई जवळ होत्या. मला दहनाला जाता आले नाही.

तो शिक्का किटलीबरोबर त्याच फडक्यात ठेवला आहे. दोन्ही कधी वेगळे करू नयेत. बुडावरचे जुने नाव खरवडू नये. तेही त्या बाईनेच उठवले होते.

८. किटली आणि शिक्का मृण्मयीला.

९. आता ते वाक्य.

मसुद्यात लिहिले होते: 'मृण्मयी माझ्या आधी मृत्यू पावल्यास.' विवेकभाऊजी म्हणाले, "वहिनी, हे प्रत्येक मृत्युपत्रात असतं. नुसता रिवाज आहे." मार्चच्या आधी मी ते डोळे मिटून उतरवले असते.

ब्राबांत प्रांतात, म्हणजे टिलबर्गकडे, साथ सगळ्यांत आधी आली. मृण्मयीच्या वॉर्डात खाटा पुरेनात. मार्च संपताना ती स्वतः आजारी पडली. फोनवर तिला वाक्य संपवता येत नव्हते. मी बॅग भरून स्टेशनवर गेले. फलाट रिकामा होता. तिथून तिला फोन केला.

"येऊ नकोस," ती म्हणाली. तिला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र डचमध्ये येते. "तुला दमा आहे. तू आलीस तर मला दोन पेशंट होतील."

गाडी आली, दारे उघडली, मिटली, गेली. मी बॅग घेऊन घरी आले. त्यानंतर ती बरी होईपर्यंत फोन उशाशी घेऊन बसत होते. ती बरी झाली. आणि पुन्हा वॉर्डात कामाला गेली. अजूनही तिचा फोन आला की शब्दांच्या आधी मी तिचा श्वास ऐकते.

म्हणून ते वाक्य लिहवेना. कागद पुढे घ्यायचा आणि भाजी चिरायला उठायचे, असे चालले होते. शेवटी विवेकभाऊजींनी तिलाच कळवले. काल दुपारी तिचा फोन आला. इस्पितळाच्या मागे बाकावर बसून ती सँडविच खात होती.

"काका म्हणतात, तू एक कलम लिहीत नाहीस."

"शाई संपली होती."

"आई."

मग ती मराठीत बोलायला लागली. तिचे मराठी शाळेत जायच्या वयाला जिथे थांबले, तिथेच आहे.

"मी रोज लोकांना विचारते. तुम्ही गेले तर काय करायचं. कोणाला फोन करायचा. सगळे मला सांगतात, आई. ओळख नाही तरी सांगतात. तू मला एकदा विचार ना."

मी ओट्याची कड धरली आणि विचारले. "तू माझ्या आधी गेलीस, तर?"

"फ्लॅट अवनीला." अवनी ही विवेकभाऊजींची मुलगी. "किटली नंदाबाईंना."

"तू तर त्यांना पाहिलंही नाहीस."

"त्या तिथे होत्या," ती म्हणाली. मग पुन्हा डचमध्ये, "माझी सुट्टी संपली. लिहून टाक, आणि नीट जेव."

म्हणून लिहिते: माझी मुलगी मृण्मयी माझ्या आधी मृत्यू पावल्यास, पुण्याचा फ्लॅट अवनी विवेक पळसुले हिला, आणि किटली व शिक्का नंदाबाईंना मिळावा.

१०. वरच्या कलमातले शेवटचे वाक्य बाकीच्या अक्षरापेक्षा वेगळे दिसेल. रेघ सोडून खाली गेले आहे, आणि 'मृण्मयी' हा शब्द दोनदा गिरवलेला आहे. ते वाक्य दुसऱ्या कोणी लिहिले, मागाहून घातले किंवा माझ्याकडून जबरीने लिहून घेतले, अशी शंका कोणत्याही कोर्टाने घेऊ नये. ते माझेच अक्षर आहे. हात लिहायला तयार नव्हता, तरी मी लिहिले.

सही: उत्तरा देवदत्त पळसुले

उत्तरावहिनींनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत केली. त्या स्वयंपाकघराच्या दारात होत्या, आम्ही अंगणात दीड मीटरवर उभे होतो. त्यांनी कागद आणि पेन बाकावर ठेवले, त्या मागे सरकल्या, मग आम्ही एकेकाने त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार: शामला हरीश दातीर, रायस्वाइक

साक्षीदार: हरीश दातीर, रायस्वाइक. कलम ६ वाचले. मी हसलो होतो, हे खरे आहे. दलालाला आज नकार कळवला.

स्थळ: रायस्वाइक
दिनांक: ३ मे २०२०