चौथा रॉड

११ फेब्रुवारी

मारलं! भाऊजींच्या उजव्या हातावर मारलं, इंजिनातून निघालेल्या त्याच वाकड्या रॉडने. दोन बोटं मोडली. आवाज मी ऐकला.

मला पश्चात्ताप नाही. शर्यतीत इंजिनाचे फेरे मिनिटाला आठ हजारांच्या वर गेले आणि पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा चौथा रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. स्वतःच्याच तेलावरून गाडी घसरली, भिंतीवर गेली. नवऱ्याच्या डाव्या टाचेचा भुगा झाला. क्रँकशाफ्ट घासला कोणी? दीर महाशयांनी. आज इंजिन उघडून पाहिलं – चौथ्या रॉडची जागा निळी पडलेली, बेअरिंग चिंधीसारखं फाटलेलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊजी ओरडले नाहीत. हात पोटाशी धरून खाली बसले. शेजारच्या खोलीत नवरा पलंगावर जागा होता, पण तिकडून हूं की चूं नाही.

१२ फेब्रुवारी

माफी मागणार नाही.

१७ फेब्रुवारी

नव्या इंजिनासाठी दुकानदाराने तीन शाफ्ट पाठवले. ओतीव लोखंडाचा लगेच परत केला. तो घरगुती गाडीला ठीक. उरले दोन. एक अखंड पोलादातून कापलेला, तोल सांभाळणारी वजनं चाकूसारखी तासून हलका केलेला. दुसरा घडीव, भरीव, जड.

नवऱ्याला हलका हवा. म्हणे वळणातून सुटताना इंजिन पटकन चढतं. मी म्हटलं, आणि वजनं तासली की तोल जातो, थरथर वाढते, ती बेअरिंग खाते. तो म्हणाला, गाडी मी चालवतो. मी म्हटलं, चालवतोस कुठे, लोळतोस! आणि कपबशी भिंतीवर फेकली. माझीच, आवडती.

जड शाफ्ट घेतला. या माणसाला पुन्हा स्ट्रेचरवर बघायचं नाही मला. एवढंच आहे माझं गणित, आणि ते शांतपणे सांगायला मला जमत नाही.

१८ फेब्रुवारी

कपाचे तुकडे त्याने कुबडीवर वाकून एकट्याने गोळा केले.

२४ फेब्रुवारी

दिवसभर तराजू. चारही रॉड, चारही पिस्टन एका वजनाचे करायचे. तिसरा रॉड दोन ग्रॅम जास्त निघाला. दोन ग्रॅम म्हणजे काय, असं लोक विचारतात. आठ हजार फेऱ्यांना ते दोन ग्रॅम हातोडा होतात, आणि हातोडा कोणाच्या पायात शिरेल ते सांगता येत नाही. कानस घेऊन घासत बसले. दात-ओठ खात.

भाऊजी आले. हाताला प्लास्टर. नव्या शाफ्टच्या कोपऱ्यांवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवत होते, गोलाई नीट आहे का ते बघत. मी म्हटलं, हात लावाल तर तोही मोडेन. त्यांनी हात काढून घेतला. जाताना म्हणाले, "गोलाई चांगली आहे, वहिनी."

मला त्यांचा एवढा राग का येतो? चिडत नाहीत म्हणून. एकदाही म्हणाले नाहीत की माझं चुकलं नव्हतं. चुकलंय म्हणूनच गप्प, दुसरं काय!

३ मार्च

शाफ्ट बसला. एका बोटाने फिरतो, लोण्यासारखा. आज पहिल्यांदा हसले.

५ मार्च

हे लिहून ठेवायलाच हवं.

आज रॉडचे बोल्ट आवळले. आमची पद्धत – मी टॉर्कच्या पान्याने आवळायचा, बोल्ट किती ताणला ते मोजायचं, मग नवऱ्याने डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे आवळला. पुन्हा त्याकडे बघायचं नाही. आवळणारा आणि ठिपका देणारा वेगळा, म्हणजे चूक होत नाही.

रॉडला दोन, म्हणजे एकूण आठ. सातवा झाला, मी आठव्यावर पाना टेकवला आणि गार पडले. मागच्या इंजिनाचा आठवा आवळल्याचं मला आठवेना. आठवलं ते भांडण. सातवा झाला होता, हा काहीतरी बोलला, मी पाना आपटून बाहेर गेले. तासाभराने आले तर आठही ठिपके पिवळे. मी झाकण बसवलं.

आठवा बोल्ट चौथ्या रॉडचा.

सैल बोल्ट. रॉड ठोके देत राहिला, बेअरिंग फाटलं, जागा जळाली. शाफ्ट बरोबर घासलेला होता.

नवरा स्टुलावर बसला होता, ब्रश हातात. मी विचारलं, तेव्हा आठवा कोणी आवळला?

"कोणीच नाही," तो म्हणाला. "रागात मी सगळ्यांवर ठिपके देऊन टाकले. हॉस्पिटलमध्येच लक्षात आलं."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. ब्रश उडाला. तो तसाच बसून राहिला. दुसरी वाजवायला हात उचलला आणि भिंतीवर मारला. चार बोटांची साल निघाली. मी रॉड उचलला तेव्हा हा शेजारच्या खोलीत जागा होता! सगळं ऐकत होता!

म्हणाला, भावाला त्याने हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं. भावाने शपथ घातली, वहिनीला कळू द्यायचं नाही.

६ मार्च

भाऊजींकडे गेले. दारातच विचारलं, मी मारत होते तेव्हा तरी का नाही बोललात?

म्हणाले, "बोललो असतो तर तुम्ही परत पाना हातात धरला नसता."

प्लास्टर कालच काढलंय. दोन्ही बोटं वळत नाहीत.