गॅलरीतली थंडी

गंगापूर रोड, नाशिक
१९ जानेवारी १९९८

ती. निवृत्ती दाजी यांस,

वाळूचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही ठीक. आमच्या छोट्या दिशाचा खोकला उतरलाय. थंडी मात्र हटत नाही. उत्तरेकडचं कोरडं वारं चालूच आहे, आणखी आठवडाभर तरी पहाटे गारठा राहील असा माझा अंदाज. 'अंदाज' लिहिताना हात अडला. का, ते पुढे येईल.

आधी दव का गोठतं ते नीट सांगतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडते. ढग असले तर ते गोधडीसारखी ती अडवतात. आभाळ मोकळं असलं की सगळी निघून जाते. वारा असेल तर वरची उबदार हवा खाली कालवली जाते. वारा पडला, की गार हवा जड म्हणून पाण्यासारखी उताराने जाते आणि खोलगट जागी साठते. तुमचा नदीकाठचा टोमॅटोचा तुकडा अख्ख्या शिवारात सगळ्यात खोल.

हे मला ठाऊक होतं. शाळा नववीत सुटली, पण वाचनालयातली पुस्तकं वाचून हे शिकलो. चौकातल्या फळ्यावर रोज 'उद्याचे हवामान' लिहितो, लोक थांबून वाचतात. तुम्ही मला 'वेधशाळा' म्हणता. चेष्टेने म्हणता, तरी मला ते आवडायचं.

आता त्या रात्रीचं. तुम्ही माल घेऊन वाशीला गेला होतात. ताईने रावजींच्या घरून फोन केला. तुम्ही धुरासाठी बांधावर पाल्याचे ढीग रचून ठेवले होते, ते पेटवायचे का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"वाळू, आभाळ निवळशंख हाय रे. पान हालत नाय. पेटवू का?"

मी गॅलरीतल्या पेटीतला थर्मामीटर बघून आलो. "अगं, नऊ अंश आहे. पहाटेपर्यंत सहाच्या खाली जात नाही. उगाच धूर करून टोमॅटोला खोकला लावशील."

"माझे पाय बधिर झाल्यात."

"मग मोजे घाल," म्हणालो, आणि हसलो.

तुम्ही परत आलात तेव्हा पाला शिजवल्यासारखा काळा पडला होता. कळल्यावर मीही नाशिकहून आलो होतो. बांधावर चार माणसं होती, शेजारच्या सरुबाई होत्या. तुम्ही मला विचारलंत, "काय म्हणली होती आपली वेधशाळा?"

मी म्हणालो, "मी तर पेटवच म्हटलं होतं. ताईला झोप लागली असेल."

दाजी, हे खोटं आहे.

ताईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहाचे कप गोळा करायला लागली. सरुबाई म्हणाल्या, "बाईच्या भरवशावर रान टाकलं की असंच व्हायचं." तुम्ही ताईकडे पाण्याच्या मोटारीच्या खोलीची किल्ली मागितलीत. तिने पदराची गाठ सोडून ती दिली. इतकी वर्षं त्या रानाला पाणी तिने दिलं. मी तिथेच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

काल रविवारी अंधारातच स्कूटर काढून मी तुमच्या रानात येऊन गेलो. खुंटी ठोकून गुडघ्याएवढ्या उंचीवर एक थर्मामीटर टांगला. त्याच वेळी गॅलरीतला वाचायला घरी दीपमालाला सांगून ठेवलं होतं. रानात दोन अंश, गॅलरीत सात. कारण साधं आहे. वर स्लॅब, मागे दिवसभर उन्हात तापलेली भिंत. पेटी भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी असावी, हे पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात आहे. मी ती गॅलरीत लावली, कारण रस्त्यावरून जाणाऱ्यांना तिथे दिसते.

तेवढ्यात ताई मेथी काढायला आली. माझी काकडलेली बोटं बघून म्हणाली, "मोजे घालायचे ना."

मी विचारलं, "दाजींशी बोलू का किल्लीचं?"

"तू बोलशील तवा खरं," म्हणाली आणि खाली बसून मेथी उपटायला लागली. मी घरी न येता तसाच परत फिरलो.

हे पत्र सरुबाईंना आणि त्या दिवशी बांधावर होते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. शुक्रवारी संध्याकाळी येतोच आहे, तोंडानेही सांगेन. पत्र आधी धाडतोय, कारण जीभ एकदा फिरलेली आहे. चौकातल्या फळ्यावर आज हवामान नाही. 'पेटी भिंतीला होती, आकडे चुकत होते' एवढंच लिहिलंय. सकाळपासून लोक ते वाचून वर गॅलरीकडे बघतायत.

झेंडूचा तुकडा अजून शाबूत आहे. शुक्रवारी रात्री वारा पडेल असं वाटतं. पडला तर धूर करावा लागेल, पहाटे पाणीही सोडावं लागेल. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नका. पेटवायचं का, ते ताईला विचारा. आणि विचारायच्या आधी किल्ली तिच्या हातात द्या.

कुसाबाईचा भाऊ म्हणवून घ्यायची आज लाज वाटणारा,
तुमचा मेहुणा
वाळू