दिवा जळतो आहे

१२ मे १९५८, सोमवार

आज नोकरीवर रुजू झालो. खारेपाटणहून सकाळच्या मोटारीने निघालो तो दुपारी धामापूरच्या तळ्याअलीकडे उतरलो. तिथून कारखाना अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. कारखाना म्हणजे एक लांब कौलारू शेड, मागे जांभळीची तीसएक झाडे आणि शेडमध्ये जमिनीत जांभा दगड फोडून केलेल्या दोन टाक्या. मालक गुरुदासभाई. सगळे त्यांना भाईच म्हणतात. दारूबंदी आहे, पण भाईंकडे औषधी आसवाचा सरकारी परवाना आहे. बाटलीवर 'जांभळासव' लिहितात. गावात मात्र त्याला तांबडो सोरो, म्हणजे तांबडी दारू, म्हणतात.

भाईंनी माझे अक्षर पाहिले आणि लगेच ठेवून घेतले. व्हर्नाक्युलर फायनलला गणितात राहिलो हे मी आपणहून सांगितले. ते म्हणाले, मला गणित नको, खाडाखोड नसलेली नोंदवही हवी.

राहायला कायतानच्या घराची पडवी मिळाली. कायतान हा इथला सर्वांत जुना कामगार. त्याची बायको बर्नादेत हिने संध्याकाळी पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा दिला. मी जेवलो. आईला हे पत्रात कळवणार नाही.

१५ मे

जांभळे उतरवायला सुरुवात झाली. झाडाखाली जुनी लुगडी पसरतात आणि वर चढलेला माणूस फांदी हलवतो. फळ मातीला लागता कामा नये. बायका पाट्या भरून आणतात. सगळ्यांची बोटे आणि जिभा जांभळ्या झाल्या आहेत. मथुरा नावाची बाई आज सर्वांसमोर म्हणाली, "मास्तर, जीभ दाखव बघूया!" मी दाखवली. ती स्वच्छ होती, कारण मालकाचे फळ विचारल्याशिवाय कसे खायचे? सगळ्या इतक्या हसल्या की एकीची पाटी सांडली. तेव्हापासून मी सर्वांचा मास्तर आहे.

फळे तुडवून रस आणि चोथा पहिल्या टाकीत सोडला. वर गूळ आणि धायटीची फुले घातली. दहा दिवस आंबेल, मग रस पिंपांत जाईल.

१९ मे

आज कायतानने मला माझे मुख्य काम शिकवले. रस काढून घेतला की टाकीच्या तळाशी चोथा उरतो. तो घमेल्याने काढायला माणसाला आत उतरावे लागते. आंबलेल्या चोथ्यातून जड हवा सुटते. ती दिसत नाही, तळाशी पाण्यासारखी साचून राहते. म्हणून माणूस उतरण्याआधी पत्र्याची चिमणी, म्हणजे रॉकेलचा लहान दिवा, पेटवून सुंभाला बांधून तळापर्यंत सोडायची आणि शंभर आकडे मोजायचे. विझली तर झाकण उघडे ठेवून थांबायचे. जळत राहिली तरच माणसाने शिडीवर पाय ठेवायचा. मग मी वहीत वेळ घालून लिहायचे : दिवा जळतो आहे.

कायतान म्हणाला, वीस वर्षे तो दुसऱ्याच्या दिव्यावर विश्वास ठेवून उतरतो आहे. आपला दिवा आपण सोडायचा नाही, अशी इथली रीत आहे. उतरणाऱ्याला घाई असते, त्याला विझलेला दिवाही जळता दिसतो. हे मला फार पटले.

आणखी एक रीत आहे. नवा तांबडा बाटलीत भरला की पहिला पेला टाकीत उतरणाऱ्याला देतात. कायतान तो घेत नाही, नुसता ओठांना लावून खाली ठेवतो. तीन वर्षांपूर्वी मुलगी झाली तेव्हा त्याने दारू सोडली. क्रुसावर हात ठेवून शपथ घेतल्याचे बर्नादेत मोठ्या मानाने सांगत होती, "खुरसार हात ठेवन सांगल्यान तेणां." कायतान मागून म्हणाला, "सोऱ्याच्या टाकयेत काम आणि घराक कोरडो! माझ्यासारखो गाढव खंय मिळाचो नाय."

२७ मे

कायतान गेला. सकाळी नऊ वाजता. पहिल्या टाकीत.

दिवा जळत होता. वहीत तशी नोंद आहे.

२८ मे

पंचनामा झाला. फौजदारांनी नोंदवही मागितली. ८.४० : दिवा जळतो आहे. अक्षर पाहून ते म्हणाले, फार स्वच्छ वही आहे. मी सही केली.

दिवा जळत होता म्हणजे हवा चांगली होती. हवा चांगली होती म्हणजे माणूस आपल्याच दोषाने पडला. टाकीच्या काठाशी रसाचे भांडे होते. असे त्यांचे ठरले. कायतान प्यायला होता, असे लिहिले गेले. भाई मान खाली घालून उभे होते.

संध्याकाळपर्यंत गावभर झाले की कायतानने खुरसाची शपथ मोडली.

३० मे

बर्नादेत आज पेज घेऊन पडवीत आली. परत गेली नाही, उंबऱ्यावर बसली. मग तिने विचारले, "तू हुतंस ना रे थंय. तू तरी सांग. तो पियालो हुतो?"

मी म्हटले, मला ठाऊक नाही.

इथे तरी खरे लिहितो. त्या दिवशी परवान्याचे साहेब तपासणीला येणार होते. पान स्वच्छ दिसावे म्हणून मी सकाळी साडेसातलाच रेघा मारून दिवसभराच्या नोंदी शाईने लिहून ठेवल्या. दिव्याचीही. मग पाट्या मोजण्यात वेळ गेला. कायतान काठावर येऊन म्हणाला, "मास्तर, दिवो जळता मां?" वही माझ्यापुढे उघडी होती. तीत लिहिलेले होते. मी वही पाहिली आणि म्हणालो, जळतो.

चिमणी माझ्या मागे खिळ्याला टांगलेली होती. मी ती काढलीच नव्हती.

दिवा सोडून तो विझला असता तर ओळ खोडावी लागली असती. हा विचार मनात आला होता का? आला होता. एक क्षणभर.

३१ मे

दिवेलागणीला पडवीतली चिमणी जमिनीवर ठेवली, विझली. वारा नव्हता. पुन्हा लावली, पुन्हा विझली. उचलून पेटीवर ठेवली तर नीट जळू लागली.

आंबलेल्या जांभळांचा वास येतो आहे. सदऱ्याला असेल. धुतला.

१ जून

माझ्या बाजेखाली निजणारे मांजर सकाळी मेलेले होते. अंगावर जखम नाही. बर्नादेतची मुलगी रडली. बर्नादेत मला म्हणाली, मांजराला काय खायला घातलेस रे? रागाने नाही, सहज विचारले.

चिमणी घेऊन मोजून पाहिले. जमिनीपासून एक हात उंचीपर्यंत विझते. त्यावर जळते. बर्नादेतने तीच चिमणी त्याच जागी ठेवली, तर जळत राहिली. मी जवळ गेलो. विझली.

माझ्याभोवतीच आहे.

३ जून

दोन हात. बाजेवर आडवे होता येत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखे होते. बाजेवरच भिंतीला टेकून बसून झोपतो.

कायतानचा धाकटा भाऊ डॉमिंगो बांद्याहून आला आहे. भाईंनी त्याला कायतानच्या जागी घेतले. थट्टेखोर आहे, पण भावाची थट्टा करू देत नाही. चुलीजवळ मी बसलो आणि चूल धुमसून गेली. त्यावर म्हणाला, "तुझ्या वाऱ्याक आग ऱ्हवणा नाय रे मास्तर. लगीन कसां जातला तुझां?" बर्नादेत पुष्कळ दिवसांनी हसली. मला ते हसणे सहन झाले नाही, उठून बाहेर गेलो.

मागे चूल आपोआप पेटली.

६ जून

आज पहिल्या टाकीचा नवा तांबडा बाटल्यांत भरला. रंग फार सुंदर आला आहे, भाई बाटली उन्हात धरून सगळ्यांना दाखवत होते. रीतीप्रमाणे पहिला पेला डॉमिंगोला दिला. त्याने घेतला नाही. कोणीतरी म्हणाले, भाऊ पोटभर प्यायला, हा ओठही लावीत नाही. हसू आले काहींना. डॉमिंगोने पेला जमिनीवर ओतला आणि भाईंना सांगितले की ज्या दिवशी हे गाव कायतानची माफी मागेल त्या दिवशी घेईन.

तेव्हा बोलायला हवे होते. सगळे तिथेच होते. एकच वाक्य. तोंड उघडले. श्वास आला नाही.

कमरेच्या वर आले आहे.

७ जून

बर्नादेतबरोबर देवळात — त्यांच्या इगर्जीत — गेलो. कायतानसाठी मेणबत्त्या लावल्या होत्या. मागे उभा होतो तोवर जळत होत्या. सगळ्यांनी पुढे होऊन गुडघे टेकले, मीही टेकले. माझ्या समोरच्या सगळ्या विझल्या.

बर्नादेत मेणबत्त्यांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिला वाटते कायतानचा आत्मा रागावला आहे. तिच्यावर. कारण तिलाही आता शंका येऊ लागली आहे, तो प्यायला असेल अशी. हे तिने मला वाटेत सांगितले. मला!

८ जून

छातीपर्यंत. उभ्याने झोपलो, खांबाला सुंभाने बांधून घेऊन.

दुसऱ्या टाकीतला रस काढून झाला. उद्या चोथा काढायचा. डॉमिंगो उतरणार. दिवा मी सोडणार.

पण माझ्या हातातला दिवा तर विझतोच. टाकीतली हवा वाईट आहे म्हणून विझला की मी धरला म्हणून, कसे कळणार? भाईंना म्हटले दिवा दुसऱ्याने सोडावा. ते म्हणाले, वही तुझ्या सहीची आहे, दिवाही तुझाच. त्यांनी कारण विचारले. सांगता आले नाही.

रात्र पडण्याआधी बर्नादेतपुढे जाऊन उभा राहिलो. ओठ हलले असतील. ती म्हणाली, "काय रे झीला? पेज होयी?"

ठरवले आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी मीच उतरेन. हवा चांगली असली तर डॉमिंगो सुखरूप. वाईट असली तर मी वर येणार नाही, आणि मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही हे सगळ्यांना माहीत आहे. न पिताही माणूस तिथे मरतो, हे मग कोणालाही नाकारता येणार नाही. कायतानची शपथ मोडली नव्हती, ही गोष्ट माझ्या अंगावर लिहिलेली असेल. रोजनिशी खिशात ठेवतो. ३० मेचे पान दुमडून ठेवले आहे.

९ जून, सकाळ

टाकीत बसून लिहितो आहे. पेन्सिलीने.

दिवा तळाशी ठेवला. जळतो आहे! शंभर मोजले. पुन्हा शंभर. ज्योत हलतसुद्धा नाही. श्वास — किती दिवसांनी असा मोकळा — अंग हलके झाले आहे. झोप येते. चोथा मऊ आहे.

कायतानने सोडले मला. आता वर जाऊन सांगतो. सगळे सांगतो. आधी थोडे बसतो.

डॉमिंगो वर आला आहे. विचारतो, मास्तर, आत काय करतंस, दिवो जळता मां?

जळतो म्हणालो. मोठ्याने. आवाज छान निघाला.

शिडी हलली. तो म्हणतो, खंय जळता? माका काळोखच दिसता रे —

थट्टा. अक्षर मला इतके स्वच्छ —

ज्योतीला बोट लावले. गार.

वात गार आहे. कधीची —

थांब म्हणून — तोंड उघडले — नाही येत — त्याचा पाय दिसतो, दुसरी पायरी — मी जळतो म्हणालो म्हणून तो — डॉमिंगो, दिवा न