आठच्या ठोक्याला

१ जुलै, मंगळवार. पहाटे ५.००
(प्रत्यक्षात ६.५०. अलार्म संध्याकाळच्या पाचचा लागला होता. लावला मीच, पण झोपण्यापूर्वी सुधानं एकदा बघायला काय हरकत होती?)
आजपासून रोज पाचला उठणे आणि रोज डायरी. कारण जबाबदारी मोठी आहे. प्राचार्यांनी बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या मुलांना वेळेचं नियोजन आणि व्यावसायिक सवयी शिकवण्याचं काम माझ्याकडे दिलंय. रोज सकाळी आठचा तास, शिवाय त्या वर्गाचा वर्गशिक्षकही मीच. बाकी कुणाचा आठचा तास रिकामा नाही, असं ते म्हणाले. सगळ्यांसमोर दुसरं काय म्हणणार? लायक माणूस एकच आहे हे त्यांना कळतं.
ही पिढी बिघडली आहे. तीन महिन्यांत सरळ करतो.

२ जुलै
पहिला तास. चोपन्न मुलं. नियम सांगितला: आठच्या ठोक्याला दार बंद, नंतर येणारा गैरहजर. मी स्वतः ८.०७ ला पोचलो, स्कूटर चालू होईना. पण शिक्षक आल्याशिवाय तास सुरू होत नाही, म्हणजे आठ तेव्हाच वाजले.
८.२२ ला दारावर टकटक. एक मुलगी, खांद्याला पिशवी, धापा टाकत. पहिल्याच दिवशी! पूर्ण पाऊण तास बाहेर उभं ठेवलं. डोकं तापलं ते दुपारपर्यंत उतरलं नाही.

४ जुलै, शुक्रवार
तीच मुलगी. ८.२१. नाव पौर्णिमा उईके, गाव तळेगाव श्यामजी पंत. रोज येणं-जाणं करते. मी विचारलं, उशीर का? म्हणाली, पावणेसहाची गाडी सव्वाआठला वर्ध्याच्या स्टँडवर लागते, तिथून पळत येते.
मी म्हटलं, मग त्याच्या आधीच्या गाडीनं येत जा.
"सर, तेच पयली गाडी हाय."
याला म्हणतात सबब. यशस्वी माणूस सबब सांगत नाही, या विषयावर तिथल्या तिथे बोललो. बोलता बोलता ९.२० झाले. पुढचा तास गणिताचा, शाल्मली मॅडम वीस मिनिटं दाराबाहेर उभ्या होत्या. तोंड वाकडं केलं त्यांनी. नोकरीला लागून तीन वर्षं झाली नाहीत आणि तोंड वाकडं करतात.

८ जुलै
पाचला उठणं तात्पुरतं सहावर आणलं आहे. झोप पुरेशी नसेल तर निर्णयक्षमता घटते.
मुलांना चोवीस तासांचा तक्ता लिहून आणायला सांगितला होता. वाचून संताप झाला. दुर्गेश नावाच्या मुलानं लिहिलंय, 'मोबाईल, सहा तास.' खाली कंसात 'कमीत कमी'. एकानं 'विचार करणे, दोन तास' लिहिलंय. कशाचा, ते नाही.
पौर्णिमा उईकेचा तक्ता: ३.४५ उठणे, पाणी भरणे, भाकरी, ५.४५ गाडी, गाडीत अभ्यास, कॉलेज, परतीच्या गाडीत अभ्यास, घरी बकऱ्या आणि स्वयंपाक, ९.३० झोप. एक मिनिट मोकळं नाही. लाल पेनानं शेरा दिला: 'मनोरंजनाला जागा नाही. नियोजन असंतुलित.' दहापैकी चार.

१५ जुलै, मंगळवार
पौर्णिमा स्टाफरूममध्ये आली. वर्ध्यातल्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज घेऊन. त्यावर वर्गशिक्षकाची शिफारस आणि सही लागते. शेवटची तारीख ३१. म्हणाली, इथं राहायला मिळालं तर रोज पावणेआठला वर्गात बसेन.
शेवटी माझ्या बोलण्याचा परिणाम होतोय!
ती सही होईपर्यंत उभी राहणार होती. मी सांगितलं, व्यावसायिक जगात असं हातोहात काही होत नसतं. प्रत्येक कामाची एक प्रोसेस असते. माझ्याकडे आता चार फायली आहेत, वर्गातही त्या दाखवल्यात. तिचा अर्ज 'महत्त्वाचे पण तातडीचे नाही' या हिरव्या फाईलमध्ये घातला. सोळा दिवस आहेत.

१८ जुलै
ती परत आली. सही झाली का विचारायला. तीन दिवसांत! चिडलो. कामाचा पाठपुरावा करावा हे मीच वर्गात शिकवलं, खरं आहे. पण माझा करा असं म्हटलं नव्हतं.
शिफारस दोन ओळी खरडून देणारा मी नाही. सविस्तर लिहिणार. रविवारी.

२० जुलै, रविवार
रविवार विश्रांतीचा. वेळेच्या नियोजनात विश्रांती हा पाया आहे.

२४ जुलै
३१ तारखेला सेवाग्रामजवळ शिक्षकांची कार्यशाळा. माझं भाषण: 'वेळ: तरुणांपर्यंत पोचवताना'. चार दिवस स्लाइड्सवर. घड्याळाचं चित्र फिरतं करायचं होतं, ते फिरतच राहिलं, थांबेना. सुधाला म्हटलं, दोन दिवस मला कुणी काही विचारू नका. ती म्हणाली, तुम्हाला विचारून इथं कोणतं काम अडलंय. बायकोला विषयाचं गांभीर्य कळत नाही.
पौर्णिमा आज कॉरिडॉरमध्ये दिसली. मला बघून थांबली. मी घड्याळाकडे बघत पुढे गेलो.

२९ जुलै
पुन्हा आली. परवा शेवटची तारीख असं म्हणाली. मी म्हटलं, माझ्या लक्षात आहे. तारीख मला शिकवू नकोस. आवाज चढला माझा. स्टाफरूममधले सगळे वळून बघायला लागले. शाल्मली मॅडम म्हणाल्या, सर, सही करून टाका ना. कुणी विचारलं होतं त्यांना? आता तर मुद्दाम उद्याच करणार. दबावाखाली सही करायची सवय लावून घ्यायची नाही.

३१ जुलै, गुरुवार
(काल वर्गच झाला नाही. स्लाइड्स. फाईल उघडायला वेळ नव्हता.)
भाषण उत्तम. वेळ वीस मिनिटं होती, पंचावन्न घेतली. विषयच तसा होता. संयोजकांनी तीन चिठ्ठ्या पाठवल्या, मी खिशात घातल्या. शेवटी त्यांनी माईक बंद केला. असंस्कृत लोक. जेवणाचं वरण थंड.
फोन दिवसभर सायलेंट होता. (सवय क्रमांक सहा.) घरी येऊन बघतो तर नऊ मिस्ड कॉल. दोन शाल्मली मॅडमचे, सात एका अनोळखी नंबरचे. अनोळखी नंबर मी घेत नाही.

१ ऑगस्ट
हिरवी फाईल उघडली. सही केली. शिफारसही लिहिली, दीड ओळ. पाच मिनिटांच्या आत सगळं. उगाच बाऊ केला होता लोकांनी.
स्वतः वसतिगृहाच्या कार्यालयात फोन केला. तिथले बाबू म्हणाले, अर्ज काल बंद झाले, आता पुढच्या वर्षी. मी म्हटलं, एका दिवसानं काय आभाळ कोसळतं? म्हणाले, तारीख म्हणजे तारीख. किती ताठर! मी चांगलं सुनावलं त्यांना, की नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात. उशिरा येणाऱ्याचीही काही अडचण असू शकते, ती समजून घ्या. त्यांनी विचारलं, सर, तुम्ही काय शिकवता?
गणित म्हणालो.

२ ऑगस्ट, शनिवार
८.२१. दार मी उघडंच ठेवलं होतं, हवेसाठी. तास संपल्यावर पौर्णिमाला सांगितलं. तिला समजावलं, आयुष्यात असं होतं, यातूनही शिकायचं असतं, पुढच्या वर्षी लवकर तयारीला लागायचं.
"सर, मी तं सोळा दिवस आधी देलता."
आवाज चढवला नाही तिनं. पिशवी उचलली आणि प्रॅक्टिकलला गेली. मला मात्र दिवसभर राग. बाबूचा, कार्यशाळेचा, शाल्मली मॅडमचा. त्यांनी तेव्हा चारचौघांत बोलायला नको होतं. त्या नसत्या बोलल्या तर मी त्याच दिवशी सही केली असती.
जवळजवळ नक्की केली असती.

५ ऑगस्ट
अर्ज घेऊन स्वतः वसतिगृहाच्या कार्यालयात गेलो. अकराला निघणार होतो, पोचलो दीडला. जेवणाची सुट्टी. बाकावर पाऊण तास बसलो. मग तिथल्या मॅडम आल्या, त्यांनी यादी दाखवली. सगळ्या जागा भरल्या होत्या. शेवटच्या मुलीचा अर्ज ३१ ला दुपारी आला होता. आवाज चढवणार होतो, पण त्या पाणी हवं का विचारत होत्या.

११ ऑगस्ट
प्राचार्यांनी बोलावलं. आठच्या तासाला पौर्णिमाची हजेरी जवळजवळ शून्य का? मी नियम सांगितला. ते म्हणाले, मुलगी रोज आलीय, बाहेर उभी होती. खुलासा लेखी मागितला, दोन दिवसांत. दोन दिवसांत खुलासा! मुदतवाढ मागितली आहे.

१४ ऑगस्ट
पौर्णिमा चार दिवस आली नाही. दुर्गेशला विचारलं. तो म्हणाला, तिले ताप येऊन राह्यला होता, तरी येत होती. आता तिची आई नाई म्हणते. जवळच्या कॉलेजात नाव टाकून राह्यली. तिथं कॉम्प्युटरचा विषय नाई, भूगोल घेईन म्हणते.
मी म्हटलं, भूगोलही चांगला विषय आहे. दुर्गेश माझ्याकडे बघत राहिला. त्याला वर्गाबाहेर काढलं. कारण सांगितलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार
अकराच्या सुमाराला पौर्णिमा आली, आईबरोबर. आईचं नाव आनंदाबाई. पायात स्लीपर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर वर्गशिक्षकाची सही हवी होती.
आई मुलीशी गोंडीत काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणतात? पौर्णिमा खाली बघून म्हणाली, "विचारून राह्यली, हेच सर का."
मी खुर्ची दिली. आनंदाबाई बसल्या नाहीत. मी बरंच बोलणार होतो, की मुलगी हुशार आहे, अभ्यास सोडू देऊ नका, मी स्वतः त्या कार्यालयात गेलो होतो. त्यातलं शेवटचं तेवढं बोललो. त्यांनी मान हलवली.
कागद घेतला. सही केली, शिक्का मारला, हेडक्लार्ककडे स्वतः नेला, दाखला स्वतः आणून हातात दिला. सगळं मिळून सात मिनिटं.
आनंदाबाईंनी दोन्ही हात जोडले.
"सर, तुमी लवकर सही देली म्हून बरं झालं. नाई तं आमची गाडी गेली असती."
गाडी सव्वाबाराची होती. मिळाली असावी.